आहे, पण बंद आहे

१९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतरच्या दीड दशकात आपल्या माणसांनी जे छापलं, म्हणजे स्मरणिका, परिसंवादांची पुस्तकं, पातळ कवितासंग्रह, तीन-चार अंकांत बंद पडलेली मासिकं, त्यातलं पुष्कळ शिशाच्या खिळ्यांनी नव्हे तर डीटीपीवाल्याच्या कॉम्प्युटरवर जुळवलेलं होतं. मराठी मजकूर पेजमेकरमध्ये, बहुतेक वेळा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’त किंवा तसल्याच एखाद्या फॉन्टात. उर्दू मजकूर असेल तर दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरच्या ‘इनपेज’मध्ये, जे १९९४ साली आलं आणि ज्यानं कातिबांचा जमाना संपवला.

छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या, पुरात भिजल्या, रद्दीत गेल्या. फाइली मात्र कुठे कुठे सीडीवर शिल्लक आहेत. आणि त्या उघडत नाहीत. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. ‘क’च्या जागी भलतंच इंग्रजी चिन्ह साठवलेलं, आणि त्याला ‘क’चं रूप देणारा फॉन्ट त्या सॉफ्टवेअरसोबत. ते सॉफ्टवेअर डोंगल नावाच्या कुलपाशिवाय चालत नाही, आणि डोंगलचा जुना ३२-बिट ड्रायव्हर आजच्या ६४-बिट विंडोजमध्ये शिरूच शकत नाही. त्याहून जुने १६-बिट प्रोग्रॅम तर तिथे सुरूही होत नाहीत. विंडोज एक्सपीचं आयुष्य मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी संपवलं. म्हणजे आपल्या अलीकडच्या इतिहासाचा एक तुकडा अशा यंत्रात अडकला आहे जे आता बाजारात मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर उभा करणं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या यंत्राला होस्ट, आतल्या भासमान यंत्राला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. आमच्या घरच्या बोलीत मेजबान आणि मेहमान. पाहुण्याला वाटतं, आख्खं घर आपलंच. हे नाटक वठवायला यजमानाच्या प्रोसेसरमध्ये एक खास सोय लागते, आणि ती आहे की नाही हे आधी तपासावं लागतं. बहुतेक लोक इथेच अडतात. पडद्यावर ‘नाही’ आलं की ते यंत्र बाजूला ठेवतात. या ‘नाही’चा इतिहास मी लिहितो आहे, कारण ते एक नाही नसून निदान चार आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी कधीतरी घेतलेला वेगळा निर्णय आहे.

सुरुवात आयबीएमपासून. १९६४ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या आयबीएमच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी एका महागड्या यंत्राचे अनेक भास निर्माण करायचं काम हाती घेतलं. १९६७ च्या जानेवारीत सीपी-४० रोजच्या कामाला लागलं. एका सिस्टिम/३६० मॉडेल ४० मध्ये चौदा भासमान यंत्रं. पण ते मॉडेल ४० दुकानातून आणलेलं साधं यंत्र नव्हतं. पत्त्यांचं भाषांतर करणारं जादा हार्डवेअर त्याला मुद्दाम जोडलं होतं. पुढचं सीपी-६७ मॉडेल ६७ वर चाललं, कारण तसं हार्डवेअर त्या मॉडेलात कारखान्यातूनच येत होतं. २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० जाहीर झालं. त्या काळात तपासण्याचा प्रश्न नव्हता. मॉडेलचा नंबर पाहिला की उत्तर मिळायचं, आणि यंत्र आयबीएमचंच असल्यामुळे विचारायचं कुणाला हेही ठाऊक असायचं.

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण पवईत होतं. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या आयआयटी मुंबईत आधी मिन्स्क-२ आणि मग सत्तरच्या दशकात ईसी-१०३० आला. ईसी मालिका म्हणजे सिस्टिम/३६० ची सोव्हिएत गटातली नक्कल. पण तिच्या पहिल्या फळीतल्या यंत्रांत पत्त्यांच्या भाषांतराचं ते हार्डवेअर नव्हतं. ते दुसऱ्या फळीत आलं आणि त्यानंतरच व्हीएम/३७० ची सोव्हिएत आवृत्ती आली. म्हणजे पवईच्या यंत्रावर अमेरिकेतले प्रोग्रॅम चालू शकत होते, आयबीएमची ही एक करामत मात्र नाही. हे पहिल्या जातीचं ‘नाही’: सिलिकॉनमध्येच नाही. पुढे १९७८ साली फेरा कायद्यावरून आयबीएमनं भारत सोडला आणि इथल्या संगणकाचा रस्ताच वळला. असो.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एक छोटा निबंध लिहिला, ज्यात यजमान व्हायची पात्रता गणिताच्या शिस्तीत मांडली होती. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: घराच्या मूळ व्यवस्थेला हात लावणारी प्रत्येक आज्ञा अशी हवी की पाहुण्यानं ती दिली तर घंटा वाजली पाहिजे, म्हणजे यजमान मध्ये येऊन ती सांभाळून घेईल.

इंटेलचं एक्स८६ घराणं या कसोटीवर नापास होतं. उदाहरण म्हणून पॉपएफ ही आज्ञा घ्या. अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमनं तिच्यामार्फत व्यत्यय बंद करायला सांगितलं, तर प्रोसेसर ना ते करतो ना तक्रार करतो. गप्प बसतो. पाहुण्याला वाटतं काम झालं. यजमानाला कळतही नाही की कुणी काही मागितलं. रॉबिन आणि आयर्विन यांनी २००० साली पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा मोजून दाखवल्या. नकार देणारा परवडला, पण ऐकलं न ऐकलंसं करणारा परवडत नाही, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तरीही १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं साध्या पेंटियमवर व्हर्च्युअल मशीन चालवून दाखवलं. पाहुण्याच्या आज्ञा चालण्याआधीच वाचायच्या, धोकादायक दिसतील त्या बदलून टाकायच्या, असा तो खटाटोप होता. २००३ च्या झेननं उलटा मार्ग धरला: पाहुण्यालाच शिकवायचं की तू पाहुणा आहेस. लिनक्सला हे शिकवता येतं, कारण त्याचा कोड उघडा आहे. विंडोजला कोण शिकवणार?

अखेर नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलनं व्हीटी-एक्स आणलं, मे २००६ मध्ये एएमडीनं आपलं एएमडी-व्ही. पाहुण्यासाठी प्रोसेसरमध्येच वेगळी खोली. गंमत म्हणजे सुरुवातीला ही खोली फारशी वेगवान नव्हती. व्हीएमवेअरच्याच ॲडम्स आणि एगेसन यांनी २००६ साली मोजमाप करून दाखवलं की जुना सॉफ्टवेअरचा खटाटोप पुष्कळदा तिच्या तोडीस तोड किंवा पुढे असतो. पण सोय होती म्हणून कष्ट वाचले. त्याच भरवशावर अवी किविटी यांनी केव्हीएम लिहिलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आलं. त्यात नव्या हार्डवेअरशिवाय चालण्याचा मार्ग ठेवलेलाच नव्हता. २००८ मध्ये रेड हॅटनं त्यांची कंपनी क्युमरानेट विकत घेतली. पुण्यात ज्या रेड हॅटच्या माणसांनी आपल्या लिप्यांचे ‘लोहित’ फॉन्ट सांभाळले, तीच ही कंपनी.

आता यंत्राला विचारणं भाग पडलं. प्रोसेसरची ओळख विचारायची रीत १९९३ च्या पेंटियमपासून रुळली होती. सीपीयूआयडी नावाची आज्ञा द्यायची, प्रोसेसर आपली कुंडली बिट-बिट करून सांगतो. त्याआधी प्रोग्रॅमना आडून ओळखावं लागे: अमुक बिट बदलून पाहा, बदलला तर हा ४८६, नाही तर ३८६. सीपीयूआयडीच्या उत्तरात इंटेलसाठी व्हीएमएक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम असा एकेक बिट आला. लिनक्समध्ये सीपीयूइन्फो ही फाइल वाचली की ही तीन अक्षरं दिसतात किंवा दिसत नाहीत.

इंटेलनं ही सोय सगळ्यांना दिली नाही. कोअर २ डुओ ई-६३०० मध्ये ती होती, ई-४३०० मध्ये नव्हती. डब्यावरचा स्टिकर दोन्हीकडे ‘कोअर २ डुओ’. लॅमिंग्टन रोडवर असेम्बल केलेला कॉम्प्युटर घेणारा माणूस रॅम किती, हार्ड डिस्क किती एवढं विचारायचा. त्याच्या नशिबी कोणता आला हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. हेही पहिल्याच जातीचं ‘नाही’, पण पवईच्या ईसी-१०३० सारखं नव्हे. तिथे ती कला पुढच्या फळीत यायची होती. इथे ती कंपनीच्या हातात असूनही किंमतपत्रकासाठी मागे ठेवली होती.

आणि दुसऱ्या जातीचं ‘नाही’ याहून चमत्कारिक. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ३ए क्रमांकाचं एक रजिस्टर आहे. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस त्यात लिहितो की पाहुणे ठेवायची परवानगी आहे की नाही, आणि मग त्याच रजिस्टरमधला कुलपाचा बिट लावून टाकतो. एकदा कुलूप लागलं की पुन्हा सुरू होईपर्यंत विंडोज काय, लिनक्स काय, कुणालाही ते उघडता येत नाही. कुंडलीत योग आहे, पण बायोसनं तो बांधून ठेवला आहे. अनेक कंपन्यांनी कॉम्प्युटर विकताना हे बंदच ठेवलं. काहींनी तर बायोसच्या यादीत तो पर्यायच दाखवला नाही.

भीती अगदीच निराधार नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये जोआना रुत्कोव्स्का यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत ‘ब्लू पिल’ दाखवली. एएमडीच्या नव्या सोयीचा वापर करून चालू असलेल्या विंडोज व्हिस्टालाच उचलून पाहुणा करून टाकायचं, यजमान म्हणून खाली आपण बसायचं, आणि घरमालकाला पत्ताही नाही. अशा वेळी ‘ज्याला हवं तो चालू करून घेईल’ हे धोरण सावध वाटतं. माझं मत विचाराल तर ते सावध होतं, पण त्याचा भार ज्यांच्यावर पडला त्यांना बायोस हा शब्दही माहीत नव्हता. ज्यांच्याकडे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होता त्यांचं काही अडलं नाही.

हे २००९ मध्ये उघड झालं. विंडोज ७ सोबत मायक्रोसॉफ्टनं ‘एक्सपी मोड’ दिला, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमसाठी आयतं व्हर्च्युअल मशीन. अट एकच: प्रोसेसरची ही सोय हवी आणि ती चालू हवी. लोकांना काही समजेना. शेवटी मायक्रोसॉफ्टला फक्त तपासणीसाठी एक छोटा प्रोग्रॅम वाटावा लागला, आणि त्याची तीन उत्तरं होती: सोय आहे आणि चालू आहे; आहे, पण बंद आहे; सोयच नाही. सामान्य वापरणाऱ्याला हा फरक शब्दांत सांगितला गेला. मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती अटच काढून टाकली. पण पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी पुन्हा तीच अट घातली. आपल्यातले पुष्कळ जण फुकट मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स वापरतात. डिसेंबर २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून त्यानं हार्डवेअरच्या सोयीशिवाय चालणं सोडून दिलं. जुन्या यंत्रांसाठी वीस वर्षं उघडी असलेली मागची खिडकी अशी लागली.

गेल्या वर्षी मला याचा प्रत्यय जांब समर्थला आला. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव जग रामदासांचं जन्मगाव म्हणून ओळखतं. माझ्यासाठी ते बहिणीचं सासर. भाचा जालन्याला कॉलेजात जातो. त्याच्याकडे कुठल्याशा कंपनीतून निघालेला सेकंडहँड लॅपटॉप. मी त्याला एका सीडीतल्या फाइली दिल्या होत्या, २००३ च्या एका विशेषांकाच्या. अंकाची एकही छापील प्रत माझ्या पाहण्यात नाही. त्यानं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, एक्सपी तयार केलं, आणि सुरू करायला गेला तर नकार. दुकानदारानं सांगितलं होतं, प्रोसेसर जुना झाला, नवा लॅपटॉप घे.

“मामू, हे नाही म्हणतंय.”

“नाही म्हणजे काय म्हणतंय? शब्द वाच.”

त्यानं वाचलं: व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस.

डिसेबल्ड. म्हणजे आहे. नसतं तर ‘नॉट अव्हेलेबल’ आलं असतं. त्यानं लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन तो पर्याय शोधला. तिसऱ्या पानावर, ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावानं, खूण नसलेला. खूण केली. मी म्हटलं, नुसतं रीस्टार्ट करू नकोस, पूर्ण बंद करून चालू कर. काही यंत्रांत त्याशिवाय बदल लागू होत नाही. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे प्लग काढला की काम झालं. अर्ध्या तासात एक्सपीचा तो हिरवा माळ पडद्यावर आला. डोंगल यूएसबीचं होतं म्हणून बरं. तो पाहुण्याच्या हवाली करता येतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारं असतं तर आजच्या लॅपटॉपला तसं पोर्टच नाही. अंक उघडला. त्यात आता हयात नसलेल्या एका कवीच्या सात कविता होत्या, ज्या पुढे त्यांच्या कोणत्याच संग्रहात आल्या नाहीत. त्या आम्ही आधी पीडीएफ केल्या, मग बसून युनिकोडमध्ये टाइप केल्या.

तपासण्याच्या साधनांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण त्यांचा अर्थ काळानुसार बदलला आहे. लिनक्समध्ये पूर्वी बायोसनं सोय बंद ठेवली तरी सीपीयूइन्फोमध्ये व्हीएमएक्स दिसत राहायचं. ती फक्त कुंडली होती. २०२० साली आलेल्या ५.६ या कर्नलपासून सोय बंद असेल तर ती अक्षरंच गाळली जातात. म्हणजे एकच आज्ञा, एकच यंत्र, जुन्या लिनक्सवर ‘आहे’, नव्यावर ‘नाही’. म्हणून उबुंटूत केव्हीएम-ओके चालवून पाहावं किंवा कर्नलच्या नोंदीत ‘डिसेबल्ड बाय बायोस’ हे शब्द शोधावेत. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी ओळ असते, तिथे ‘एनेबल्ड’ की ‘डिसेबल्ड’ ते कळतं.

नव्या लॅपटॉपवर मात्र तिसऱ्या जातीचं ‘नाही’ भेटतं. ब्लू पिलच्या भीतीनं जी खोली बंद ठेवली जात होती, तीच खोली आता विंडोज स्वतःच्या सुरक्षेसाठी वापरतं. विंडोज ११ मध्ये ही व्यवस्था बहुतेक नव्या यंत्रांवर सुरुवातीपासूनच चालू असते. खाली मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही यजमान होऊन बसतो आणि तुमचं विंडोजच त्याच्या आत राहतं. सोय आहे, बायोसमध्ये चालूही आहे, पण दुसऱ्यानं ताबा घेतला आहे. अशा यंत्रावर जुनं व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीटी-एक्स नॉट अव्हेलेबल’ असं सांगायचं, जे अक्षरशः वाचलं तर माणूस प्रोसेसरला दोष देईल. नवं व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या आडून चालतं आणि खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दाखवतं. कासव दिसलं की समजायचं, आपण दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू आहोत. कमांड प्रॉम्प्टवर सिस्टिमइन्फो दिलं तर शेवटच्या ओळीत तो सांगतो की हायपरव्हायजर आढळला आहे, म्हणून पुढची चौकशी दाखवत नाही.

आणि यातलं काहीच जमलं नाही, प्रोसेसर खरंच तो ई-४३०० निघाला, तरी दार पूर्ण बंद नसतं. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लिहिलेलं क्यूईएमयू कोणत्याही हार्डवेअर सोयीशिवाय, एकेक आज्ञा भाषांतरित करत, एक्सपी चालवू शकतं. हळू चालतं. पण आपल्याला त्यात पिक्चर बघायचा नाही; एक फाइल उघडून छापून घ्यायची आहे.

चौथं ‘नाही’ भाड्याच्या यंत्राचं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं डेटा सेंटर २०१५ पासून चालू आहे. तिथे तासावर भाडं भरून कॉम्प्युटर मिळतो, आणि काही जण जुन्या फाइलींचं हे काम तिथे करावं म्हणतात. पण तो कॉम्प्युटर स्वतःच कुणाचा तरी पाहुणा असतो. सीपीयूआयडीच्या त्याच पानावरचा शेवटचा, ३१ वा बिट हे सांगतो, आणि पुढे विचारलं तर यजमानाचं नावही कळतं: व्हीएमवेअर असेल तर ‘व्हीएमवेअर’ हा शब्द दोनदा, केव्हीएम असेल तर ‘केव्हीएम’ तीनदा. पाहुण्यानं पाहुणा ठेवायचा की नाही हे मूळ यजमान ठरवतो. त्यानं ती सोय झाकली की आत डेव्ह-केव्हीएम ही फाइल उगवतच नाही, खालचा प्रोसेसर कितीही ताजा असला तरी. इंटेलच्या यंत्रांवर हे पाहुण्याच्या घरचे पाहुणे नीट कसे सांभाळावेत हे आयबीएमच्या हैफामधल्या गटानं २०१० साली दाखवलं. प्रकल्पाचं नाव ‘टर्टल्स’, पुन्हा कासवंच. मायक्रोसॉफ्टनं आपल्या भाड्याच्या काही यंत्रांवर ते २०१७ मध्ये खुलं केलं. व्हीएम/३७० च्या आत व्हीएम/३७० तर सत्तरच्या दशकातच चालत होतं.